लघुपटातील फ्रेम सुंदर आहेत, तरी प्रेक्षकाला काहीच का वाटत नाही?

प्रश्नकर्त्याने आपल्या चौदा मिनिटांच्या लघुपटाबद्दल लिहिले आहे. आजी गेल्यानंतर गावचे घर विकायला आलेला नातू, ही त्याची गोष्ट. दुःख दाखवण्यासाठी त्यात विझत जाणारी समई आहे, झाडावरून गळणारे पान आहे, रिकामी आरामखुर्ची आहे आणि संपूर्ण लघुपटाला निळसर छटा दिलेली आहे. पाहणाऱ्यांनी फ्रेमचे कौतुक केले, पण कुणाच्या मनाला काही भिडले नाही. यावर त्यांचे प्रश्न दोन आहेत : कोणता रंग, कोणता कोन आणि कोणती लेन्स कोणती भावना निर्माण करते याचा काही तक्ता आहे का; आणि आपला प्रेक्षक चित्राची भाषा वाचण्यात कमी पडतो का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते छोटे आहे. प्रेक्षक कमी पडलेला नाही. विझणारी समई पाहून घरातले कुणीतरी गेले, हे त्याला लगेच कळले. गळणारे पान पाहून तेच पुन्हा कळले आणि रिकामी खुर्ची पाहून तिसऱ्यांदा कळले. अर्थ पोहोचला, पण तो पोहोचल्यावर प्रेक्षकाला करण्यासारखे काही उरले नाही. ज्या आजीला त्याने पडद्यावर नीट पाहिलेलेच नाही, तिच्या जाण्याची बातमी त्याला तीनदा मिळाली, एवढेच घडले. म्हणून तुमच्यापुढचा खरा प्रश्न मी असा मांडेन : चित्रातून अर्थ सांगणे जमले असेल, तर त्याच चित्रातून भावना जागी होण्यासाठी आणखी काय लागते? छायालेखनाच्या कामात, आणि आता अधूनमधून नव्या मुलांना शिकवताना, मला सर्वाधिक वेळा याच प्रश्नाला सामोरे जावे लागते.

आता तक्त्याबद्दल. निळा म्हणजे दुःख, लाल म्हणजे धोका, खालून घेतलेला शॉट म्हणजे सत्ता, वरून घेतलेला म्हणजे असहायता, असे तक्ते सगळीकडे फिरत असतात. ते सरसकट खोटे आहेत असे मी म्हणणार नाही. त्यांच्यामागे पुष्कळ चित्रपटांचा अनुभव आहे. अडचण अशी की, त्यांतून संदर्भ गळून गेलेला असतो. हिरवा रंग घ्या. नवरीच्या हातातला हिरवा चुडा आणि सरकारी दवाखान्याच्या भिंतीला कमरेपर्यंत मारलेला हिरवा ऑइलपेंट हे रंग शेजारीशेजारी ठेवले, तर एकमेकांपासून फार लांबचे निघणार नाहीत; तरीही मराठी प्रेक्षकाच्या मनात एक लग्नघरात नेतो आणि दुसरा वॉर्डात. ज्याने हिरवा चुडा कधी पाहिलेला नाही, त्याला पहिला हिरवा कदाचित काहीच सांगणार नाही. कोनाचेही तसेच आहे. चाळीतल्या खोलीत कॅमेरा जमिनीलगत ठेवून वर पाहिले, तर तक्त्यानुसार माणूस बलवान दिसायला हवा. प्रत्यक्षात त्याच्या डोक्यावरचे छत फ्रेममध्ये उतरते आणि तो दबून गेल्यासारखा दिसू शकतो. कॅमेऱ्याची उंची, लेन्स, मागची भिंत, नटाची बसण्याची ढब आणि आधीचा शॉट हे ठरल्याशिवाय कोनाला स्वतःचा असा अर्थ येत नाही. त्यामुळे तक्ता देण्याऐवजी मी शॉटचा विचार कसा करते, ते सांगते.

पटकथा हातात आली की मी आधी त्यातल्या वस्तूंकडे बघते. कोणती वस्तू पात्राच्या रोजच्या हाताळणीतली आहे आणि कोणती केवळ आम्ही अर्थासाठी आणून ठेवली आहे, हे तपासल्याशिवाय पुढे जाता येत नाही. याचे मला माहीत असलेले सर्वांत समाधानकारक उदाहरण सत्यजित राय यांच्या 1964 च्या 'चारुलता'मध्ये आहे. रवींद्रनाथांच्या 'नष्टनीड' या कथेवर आधारलेला हा चित्रपट एकोणिसाव्या शतकातल्या कोलकात्यात घडतो. सधन घर आहे, नवरा भूपती वर्तमानपत्र काढण्यात गुंतलेला आहे, आणि चारूला दिवस कसा घालवावा हे कळत नाही. सुरुवातीच्या दीर्घ दृश्यात ती हातात छोटी दांडीची दुर्बीण घेऊन एका खिडकीकडून दुसऱ्या खिडकीकडे जाते आणि झडपांच्या फटींतून रस्त्यावरची माणसे बघते. दृश्यात जवळजवळ संवाद नाहीत. या टप्प्यावर दुर्बिणीला काहीही 'अर्थ' नाही; ते कंटाळलेल्या बाईचे खेळणे आहे, आणि तिच्याबरोबर आपणही मजेने बाहेर बघत असतो.

मग भूपती घरातल्या लांब व्हरांड्यातून पुस्तक वाचत येतो आणि ती तिथे उभी आहे हे लक्षातही न येता तिच्याजवळून निघून जातो. ती तीच दुर्बीण डोळ्याला लावून पाठमोऱ्या नवऱ्याकडे बघते, मग हात खाली येतो, आणि कॅमेरा झटकन तिच्यापासून दूर होतो. रस्त्यावरच्या अनोळखी माणसांना पाहण्याचे साधन घरातल्या माणसावर वापरावे लागले, हे आपल्या लक्षात आले की त्या क्षणी दुर्बीण खेळणे उरत नाही. पुढे बागेत झोपाळ्यावर बसलेली चारू त्याच दुर्बिणीतून शेजारच्या घरातली आई आणि मूल पाहते आणि नंतर गवतावर लिहीत पडलेल्या अमलकडे, म्हणजे नवऱ्याच्या आतेभावाकडे, ती वळवते. एकही शब्द न बोलता तिला स्वतःबद्दल काय कळले, ते आपल्याला कळते. लक्षात घ्या की दुर्बीण तिन्ही वेळा तेच काम करते : लांबचे जवळ आणते. राय यांनी तिच्यावर बाहेरून काही लादलेले नाही. बदलली ती समोरची व्यक्ती, आणि दरम्यानच्या वेळात आपली चारूशी झालेली ओळख.

तुमच्या समईने असा प्रवास केलेला नाही. ती पहिल्यांदा दिसते तेव्हाच विझत असते, म्हणजे तिने पहिल्या भेटीतच निरोप घेतला. याउलट तुम्ही प्रश्नात ओझरते लिहिले आहे की, आजीच्या पानाच्या डब्याचा एक शॉट होता, पण तो 'पुरेसा प्रतीकात्मक वाटत नाही' म्हणून संकलनात दोन सेकंदांवर आणला. माझ्या मते तुमच्या लघुपटातली सर्वांत मोलाची वस्तू तीच आहे. पानाच्या डब्याला झाकण असते, कप्पे असतात, आवाज असतो. चुन्याची डबी आणि अडकित्ता हाताळण्याची प्रत्येक आजीची वेगळी पद्धत असते. तो डबा कुणापुढे सरकवायचा आणि कुणापुढे नाही, यात घरातली नाती दिसतात. जी वस्तू गोष्टीत आधीपासून काहीतरी काम करते, तिला अर्थ चिकटायला वेळ लागत नाही. जी केवळ अर्थासाठी आणलेली असते, ती प्रेक्षकाला लगेच ओळखू येते आणि तो मनातल्या मनात 'कळले' म्हणून पुढे जातो.

यावर कुणी विचारेल की, मग सर्वांना ठाऊक असलेले प्रतीक वापरायचेच नाही का? तसे नाही. राय यांच्याच 1956 च्या 'अपराजितो'मध्ये नायक अपूचा बाप हरिहर बनारसला मरणशय्येवर असतो. त्याच्या तोंडात गंगाजल घातले जाते, मान कलते आणि थेट कट होऊन कबुतरांचा प्रचंड थवा आकाशात उसळतो. पक्षी उडाला म्हणजे प्राण गेला, याहून जुनी प्रतिमा आपल्याकडे सापडणे कठीण. तरीही ती तिथे लागू पडते, कारण कबुतरे त्या शहराची आहेत. घाटावरची त्यांची वर्दळ आपण चित्रपटाच्या सुरुवातीपासून पाहिलेली असते. शिवाय तो कट मऊ नाही, तो दचकवतो. मृत्यूची कल्पना आपल्याला समजावी म्हणून पक्षी आलेले नाहीत. मृत्यूचा धक्का त्यांच्या हालचालीत आणि पंखांच्या फडफडाटात उतरला आहे. तुमचे पान गळते, ते मात्र कोणत्या झाडाचे आणि ते झाड घरातून कोणाला दिसते, याचा चित्रपटात कुठेही पत्ता नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे अंतर. इथे लेन्सविषयीचा एक सार्वत्रिक गैरसमज दूर करायला हवा. लांब लेन्स चेहरा 'चपटा' करते आणि वाइड लेन्स तो 'ताणते' असे म्हणतात, पण खरे काम लेन्सपेक्षा कॅमेरा कुठे उभा आहे यावर चालते. अडीच फुटांवरून 25 मिलिमीटरच्या वाइड लेन्सने आणि साडेआठ फुटांवरून 85 मिलिमीटरच्या लांब लेन्सने घेतलेला चेहरा फ्रेममध्ये जवळपास एकाच आकाराचा येईल. पहिल्यात नाक पुढे येते, कान मागे जातात, मागची खोली दूर पळते आणि प्रेक्षकाला आपण त्या माणसाच्या श्वासाच्या टप्प्यात आहोत असे वाटते. दुसऱ्यात चेहरा शांत दिसतो, मागची भिंत जवळ येते आणि आपण त्याच्याकडे लक्ष ठेवून आहोत, पण त्याच्या खोलीत नाही, असे वाटते. दोन्ही क्लोज-अप आहेत. दोन्हींत प्रेक्षकाची जागा वेगळी आहे. म्हणून मी सेटवर 'कोणती लेन्स लावू' हे विचारण्याआधी दिग्दर्शकाला विचारते की, या क्षणी प्रेक्षकाने त्या माणसाच्या किती जवळ असावे. बहुतेक दिग्दर्शक या प्रश्नाने थोडे वैतागतात, पण उत्तर मिळाले की लेन्स आपोआप ठरते.

एका चित्रपटाच्या वेळी रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या बापाला मुलाच्या मृत्यूची बातमी कळते, असे दृश्य होते. ठरल्याप्रमाणे क्लोज-अप घ्यायचा होता आणि नट उत्तम रडतही होता. तालीम बघताना जाणवले की, त्या बापाला त्या क्षणी कुणी पाहू नये असेच वाटत असणार. तेव्हा कॅमेरा मार्गिकेच्या दुसऱ्या टोकाला, दाराच्या चौकटीबाहेर नेला आणि त्याची फक्त पाठ ठेवली. मध्येच एक वॉर्डबॉय ट्रॉली ढकलत जातो आणि क्षणभर तो बाप दिसेनासा होतो. संकलकाकडे दोन्ही शॉट गेले होते. शेवटी चित्रपटात राहिला तो लांबचा. यावरून लांबचा शॉट नेहमी अधिक परिणामकारक असतो, असा नियम कृपया काढू नका. त्याच चित्रपटात आधी तीन-चार ठिकाणी तो बाप आपण अगदी जवळून पाहिला होता, म्हणून लांबून पाहताना काहीतरी हिरावले गेल्यासारखे वाटले. संपूर्ण चित्रपट लांबूनच घेतला असता, तर त्या शॉटला ही धार आली नसती.

अंतराबरोबरच फ्रेममध्ये काय शेजारीशेजारी ठेवले आहे, हेही येते. नागराज मंजुळे यांच्या 2013 च्या 'फँड्री'त जब्या या गावाने खालच्या मानलेल्या जातीतल्या शाळकरी मुलाचे कुटुंब पकडलेले डुक्कर बांबूला लटकवून खांद्यावरून नेते आणि मागच्या भिंतीवर डॉ. आंबेडकर, सावित्रीबाई फुले यांच्यासारख्यांची चित्रे रंगवलेली आहेत. त्या एका फ्रेमवर पुष्कळ लिहिले गेले आहे. छायालेखक म्हणून मला त्यात महत्त्वाचे वाटते ते तिचे साधेपण. भिंतीवर महापुरुषांची चित्रे असणे महाराष्ट्रातल्या गावात रोजचेच आहे आणि त्या कुटुंबाची वाट तिथूनच जाते. तिथे चेहऱ्यांचे वेगळे क्लोज-अप घालून, पार्श्वसंगीत वाढवून, 'बघा, विरोधाभास' असे सांगता आले असते. तसे केले असते तर ते एक वाक्य झाले असते आणि प्रेक्षकाने त्याला मान डोलावून पावती दिली असती. त्याऐवजी दोन्ही गोष्टी एका चौकटीत ठेवून दिल्या आहेत आणि त्यांचा संबंध जोडण्याचे काम आपल्यावर सोडले आहे. जे आपण स्वतः जोडतो, ते टोचते. त्याच चित्रपटाच्या शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. इतका वेळ सुरक्षित अंतरावरून पाहणाऱ्या प्रेक्षकाची जागाच त्या दगडाने बदलते. त्या डुकराच्या पाठलागाची मजा बघत उभ्या असलेल्या गर्दीत आपणही होतो, हे ध्यानात येते. हा कोनाचा आणि अंतराचाच निर्णय आहे, पण कोणत्याही तक्त्यात तो सापडणार नाही.

तिसरी गोष्ट आहे माहितीची, आणि तुमच्या लघुपटाचे मूळ दुखणे मला इथे दिसते. कोणताही शॉट पाहताना प्रेक्षकाला पात्रापेक्षा जास्त माहीत असते, कमी माहीत असते किंवा तेवढेच माहीत असते, आणि त्याला काय वाटेल हे बऱ्याच अंशी त्यावर ठरते. 2016 च्या 'सैराट'चा शेवट आठवा. शेजारीण छोट्या मुलाला दारात सोडून जाते. आत काय घडले असेल याचा अंदाज आपल्याला आलेला आहे, मुलाला नाही. त्याच्या आई-वडिलांची हत्या आपल्याला दाखवलेली नाही. आवाज पूर्णपणे काढून घेतलेला आहे. मूल आत जाते, रडत बाहेर येते आणि त्याच्या पावलांचे लाल ठसे फरशीवर उमटत जातात. लाल रंग इथे 'धोका' म्हणून आलेला नाही, तो रक्ताचा रंग आहे एवढेच. आपल्याला माहीत असणे आणि त्या मुलाला समजण्याची कुवतही नसणे, या दोहोंमधल्या दरीत तो शॉट उभा आहे, आणि तिथे काही करता येत नाही म्हणूनच चित्रपटगृहात माणसे खुर्चीला खिळून राहिली.

तुमच्या लघुपटात ही दरी उलटी पडली आहे. नातवाला सगळे माहीत आहे : आजी कशी बोलायची, कुठे बसायची, त्याला काय द्यायची. प्रेक्षकाला यातले काहीच माहीत नाही. नातू खुर्चीकडे पाहून डोळे भरून घेतो तेव्हा आपण एका अनोळखी माणसाचे खासगी दुःख बघत असतो. सहानुभूती वाटते, पण ती सभ्यपणाची. ही दरी सरळ करायची असेल, तर आजीला जिवंतपणी निदान एका दृश्यात आणा आणि तिथे प्रेक्षकाला असे काहीतरी दाखवा, जे नातवाला ठाऊक नाही. उदाहरणच द्यायचे तर, आजी स्वतः बडीशेप खात नाही, पण डब्यातला एक कप्पा नातवासाठी म्हणून दर महिन्याला स्वच्छ पुसून ताज्या बडीशेपेने भरते, आणि तो तर गेल्या दोन दिवाळ्यांना आलेला नाही. पुढे घर रिकामे करताना नातू तो डबा भंगारात द्यायच्या भांड्यांबरोबर ठेवतो. त्याच्या चेहऱ्यावर काहीही नसले तरी चालेल. किंबहुना नसलेलेच बरे. तुमच्या खऱ्या आजीचे असे काय होते, ते तुम्हालाच शोधावे लागेल, आणि ते माझ्या बडीशेपेपेक्षा नक्कीच चांगले असेल.

नटाच्या चेहऱ्यावर काही नसले तरी चालते, हे मी धाडसाने म्हणत नाही. चित्रपटाच्या अभ्यासात ही जुनी गोष्ट आहे. रशियन दिग्दर्शक लेव कुलेशॉव्ह यांनी 1920 च्या आसपास इव्हान मोझ्झुखिन या नटाचा एकच भावशून्य क्लोज-अप सुपाची वाटी, शवपेटी अशा वेगवेगळ्या शॉटना जोडून दाखवला आणि प्रेक्षकांना त्या एकाच चेहऱ्यात कधी भूक, कधी शोक दिसला, असे सांगितले जाते. ती फीत आज उपलब्ध नाही आणि तिची वर्णनेही एकमेकांशी पूर्ण जुळत नाहीत, पण संकलनाच्या टेबलावर बसणारा प्रत्येक जण हा अनुभव रोज घेतो. यातून तुमच्यासाठी व्यवहारातली सूचना अशी : नातवाच्या रडण्याचा जो टेक तुम्ही ठेवला आहे, त्याच्याऐवजी त्याच्या आधीचा, ज्यात तो फक्त बघतो आहे, असा टेक लावून पाहा. तो लावण्याआधी प्रेक्षकाला काहीतरी माहीत झालेले असेल, तरच त्याचा उपयोग होईल, हे मात्र खरे.

प्रकाशाबद्दल आणि त्या निळ्या रंगाबद्दल आता सांगते. संपूर्ण लघुपट निळा केल्यावर तो निळा राहत नाही. डोळा मिनिटा-दोन मिनिटांत त्या छटेला सरावतो आणि तिलाच पांढरे मानू लागतो. मग उरते ती केवळ रंग मेलेली त्वचा. निळा जाणवण्यासाठी निळे नसलेले काहीतरी शेजारी किंवा आधी असावे लागते. प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात; आकडा कमी तितका तो पिवळा, जास्त तितका निळा. चित्रीकरणातला पिवळा टंगस्टन दिवा साधारण 3200 केल्विनचा आणि दिवसाचा प्रकाश साधारण 5600 केल्विनचा धरतात. कॅमेरा 3200 वर ठेवून संध्याकाळी घरात पिवळा दिवा लावला, तर दिव्याजवळचा माणूस नैसर्गिक रंगात दिसतो आणि खिडकीबाहेरचे अंगण निळे पडते. दिवा बंद केला की तो निळा खोलीत शिरतो. वीज तोडण्याआधीची शेवटची संध्याकाळ अशा रीतीने घेतली, तर तुम्हाला हवा असलेला गारवा गोष्टीतूनच येईल, आणि ग्रेडिंगला, म्हणजे चित्रीकरणानंतर रंग ठरवताना, तो बाहेरून ओतावा लागणार नाही.

प्रकाशाचा रंग लोकांच्या लगेच लक्षात येतो, पण भावनेच्या दृष्टीने त्याची दिशा आणि मऊपणा मला अधिक महत्त्वाचे वाटतात. 'अपराजितो'साठी बनारसच्या घराचे अंगण कोलकात्याच्या स्टुडिओत उभारले होते. तशा चौकाच्या घरात वरून येणारा प्रकाश मऊ आणि जवळजवळ सावलीविरहित असतो, तर त्या काळच्या स्टुडिओतले दिवे थेट मारले की प्रत्येक वस्तूच्या दोन-तीन सावल्या पडत. छायालेखक सुब्रत मित्र यांनी सेटच्या माथ्यावर पांढरे कापड ताणून बांधले आणि दिवे त्यावर मारून परावर्तित प्रकाश खाली आणला. आज आम्ही थर्माकोलवर किंवा कापडावर दिवा मारतो, तेव्हा हीच पद्धत वापरत असतो. त्या प्रकाशाचा गुण असा की, तो स्वतःकडे लक्ष वेधत नाही. आपण त्या घरात आहोत यावर विश्वास बसतो, आणि विश्वास बसलेला असतो म्हणून पुढे कबुतरे उडाल्यावर आपण ते प्रतीक म्हणून तपासायला बसत नाही. तुमच्या समईच्या शॉटमध्ये ज्योतीच्या मागून एक तेजस्वी दिवा येतो आहे आणि धुराची रेघ चमकते आहे. चित्र देखणे आहे. पण कोणत्याही घरातली समई अशी दिसत नाही, त्यामुळे ती त्या घरातली राहिली नाही.

वेळेविषयी थोडक्यात. शॉट किती सेकंद ठेवायचा याचे गणित नसते, पण एक निरीक्षण उपयोगी पडते : शॉटमधली माहिती वाचून होईपर्यंत प्रेक्षक बघत असतो, आणि ती वाचून झाल्यावरही शॉट राहिला, तर तो विचार करू लागतो किंवा कंटाळतो. यांतले कोणते होईल, हे आधी त्याला काय दिले आहे यावर अवलंबून आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'द डिसायपल'मध्ये शास्त्रीय गायक होऊ पाहणारा नायक रात्री मुंबईच्या रिकाम्या रस्त्यांवरून संथ गतीत मोटरसायकल चालवतो आणि कानात गुरूंच्या गुरूंची, म्हणजे माईंची, व्याख्याने चालू असतात. दृश्यात काहीही घडत नाही, आणि ते पुनःपुन्हा येते. पहिल्यांदा ते ध्यासासारखे वाटते. वर्षे सरून नायकाचे वय वाढत गेल्यावर त्याच रस्त्याकडे बघताना त्या कठोर शब्दांचे ओझे जाणवते. हा लांबलेला वेळ त्या चित्रपटाने कमावलेला आहे. तुमची रिकामी खुर्ची सोळा सेकंद पडद्यावर राहते; आजीला त्या खुर्चीत एकदाही न पाहिलेल्या माणसासाठी ते फर्निचर आहे.

थोडक्यात उजळणी करायची तर : वस्तूला आधी काम द्या, अर्थ नंतर येऊ द्या, प्रेक्षकाला कुठे उभे करायचे ते लेन्सच्या आधी ठरवा, त्याला पात्रापेक्षा काय जास्त माहीत आहे ते तपासा, आणि रंग बदलायचा असेल तर तो गोष्टीतल्या एखाद्या घटनेबरोबर बदलू द्या. यातले बरेच परिस्थितीनुसार बदलते. तीस सेकंदांच्या जाहिरातीत ओळखीच्या प्रतीकावाचून गत्यंतर नसते, कारण वस्तूची ओळख करून द्यायला वेळच नसतो. काव्यात्म प्रयोगशील लघुपटात पात्रच नसेल, तर पात्राच्या माहितीचा मुद्दा गैरलागू होतो. तुमचा लघुपट मात्र सरळ गोष्ट सांगणारा आहे.

पुन्हा चित्रीकरण करण्याआधी दोन गोष्टी करून बघा. हातातली आवृत्ती आवाज बंद करून अशा एका व्यक्तीला दाखवा, जिला गोष्ट माहीत नाही, आणि तिला 'काय वाटले' असे न विचारता 'काय घडले' असे विचारा. ती जिथे अडखळेल, तिथे तुमचे चित्र संवादांच्या आधाराने उभे आहे असे समजा. नंतर समई, पान आणि खुर्ची हे तिन्ही शॉट काढून उरलेले सलग बघा. मला वाटते साधारण बारा मिनिटे उरतील आणि गोष्टीतले काहीही हरवणार नाही. जी पोकळी जाणवेल ती आजीच्या नसण्याची असेल, आणि तुम्हाला नव्याने चित्रित करायचे आहे ते एवढेच : दिवसा, माजघराच्या दारातून येणाऱ्या प्रकाशात, डबा घेऊन बसलेल्या आजीचे एक दृश्य, आणि डबा भंगारात जातो तो एक शॉट. कॅमेरा महागडा हवा का, असे तुम्ही शेवटी विचारले आहे. या दोन्हींसाठी सध्याचा पुरेल. भाड्याचे पैसे वाचवून ते आजीच्या भूमिकेसाठी चांगली अभिनेत्री आणण्यावर आणि तिच्याबरोबर एक पूर्ण दिवस तालमीवर खर्च करा.